छेदस्थानी कोण?

आकडे खोटे बोलत नाहीत, असा सुशिक्षित समाजाचा एक दृढ समज आहे. तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु एखादा आकडा कशाला कशाने भागून काढला आहे, हे विचारल्यावाचून तो काय बोलतो हेच कळत नाही. दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत ही गोष्ट चळवळीतील कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. एकूण उत्पन्नाला एकूण माणसांनी भागले की कारखानदार आणि त्याच्या दारातील झाडूवाला एकाच सरासरीच्या पंगतीत येऊन बसतात. भागाकार पाहताना सर्वांचे लक्ष अंशाकडे असते. छेदाची चौकशी क्वचितच होते. माणसाच्या हृदयाच्या मापालाही हेच लागू पडते. तेथे तर छेदस्थानी प्रत्यक्ष माणसाचा देहच उभा असतो, आणि तो देह कसा घडला याचा इतिहास त्या आकड्यात कोठेही नोंदलेला नसतो.

टू-डी इको ही तपासणी आता शहरांत सर्रास होते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने धडधडते हृदय पाहण्याची ही विद्या स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हे वैद्य आणि हेल्मुट हर्ट्‌झ हे भौतिकशास्त्रज्ञ यांनी १९५३ साली सुरू केली. आज या तपासणीच्या अहवालात हृदयाच्या चारही कप्प्यांविषयी, म्हणजे दोन अलिंदे व दोन निलये यांच्याविषयी, आकडे असतात: व्यास किती, भिंत किती जाड, घनफळ किती. शेजारी ‘नॉर्मल’ मर्यादा छापलेली असते. औषध चालू करायचे की नाही, शस्त्रक्रिया आता करायची की थांबायचे, असे निर्णय पुष्कळदा या दोन स्तंभांच्या तुलनेवर होतात.

सहा फुटी पैलवानाचे हृदय आणि पावणेपाच फुटी शेतमजूर स्त्रीचे हृदय एकाच मापाचे असणार नाही, हे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नाही. म्हणून हृदयाचे माप देहाच्या मापाशी ताडून पाहिले पाहिजे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. प्रश्न आहे तो हे कसे करावे याचा, आणि त्याहूनही, असे केल्यानंतर हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा याचा.

पन्नासचा आकडा कोणाचा?

एक उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या मुखाशी एक झडप असते. ती नीट मिटेनाशी झाली की बाहेर टाकलेले रक्त पुन्हा डाव्या निलयात झिरपते. वाढत्या ओझ्याखाली तो कप्पा हळूहळू ताणला जातो. कित्येक वर्षे रोग्याला विशेष त्रास जाणवत नाही. जाणवू लागतो तेव्हा हृदयाच्या स्नायूची हानी बरीच झालेली असू शकते. म्हणून त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, कप्पा एका मर्यादेपलीकडे रुंदावला की झडप बदलावी, असा संकेत आहे. अमेरिकेतील २०२० च्या आणि युरोपातील २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा अशी दिली आहे: आकुंचनाच्या अखेरीस डाव्या निलयाचा व्यास ५० मिलिमीटरपेक्षा अधिक, किंवा शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे २५ मिलिमीटरपेक्षा अधिक.

या दोन मर्यादा एकमेकींशी जुळवून पाहाव्यात. पन्नासला पंचवीसने भागले की दोन येतात. म्हणजे दोन चौरस मीटर पृष्ठफळाच्या देहालाच दोन्ही मर्यादा एकसारख्या लागू पडतात. हा देह कोणाचा? शरीराचे पृष्ठफळ काढण्याचे एक सुटसुटीत सूत्र मोस्टेलर यांनी १९८७ साली दिले: सेंटिमीटरमधील उंची आणि किलोमधील वजन यांच्या गुणाकाराला ३,६०० ने भागावे आणि वर्गमूळ काढावे. उंची १८० सेंटिमीटर आणि वजन ८० किलो असेल तर उत्तर बरोबर दोन येते. म्हणजे ‘पन्नास मिलिमीटर’ या निर्विकार दिसणाऱ्या आकड्याच्या आत जवळजवळ सहा फूट उंचीचा, चांगला पोसलेला पुरुष उभा आहे.

आता १५० सेंटिमीटर उंचीची, ४५ किलो वजनाची स्त्री घ्या. तिचे पृष्ठफळ सुमारे १.३७ चौरस मीटर भरते. अमेरिका व युरोपातील संस्थांनी २०१५ साली संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार निरोगी पुरुषात हा व्यास फार तर ३९.८ आणि निरोगी स्त्रीत फार तर ३४.८ मिलिमीटर असतो. याचा अर्थ, पन्नासची रेषा ओलांडण्यासाठी पुरुषाचे हृदय निरोगी मर्यादेच्या सव्वापट ताणले गेले की पुरे. स्त्रीचे मात्र जवळजवळ दीडपट ताणले जावे लागते. ही केवळ कागदावरची भीती नाही. अमेरिकेतील मायो क्लिनिकमधील रोग्यांचा १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. या विकाराने पीडित स्त्रिया व्यासाच्या ठरीव मर्यादेपर्यंत क्वचितच पोहोचत; त्यामुळे त्यांची शस्त्रक्रिया त्रास बळावल्यानंतर होई, आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्यांचे आयुष्यही पुरुषांच्या मानाने कमी भरे. वैद्यांच्या मनात स्त्रियांविषयी द्वेष होता असे नव्हे. तो मोजपट्टीचा परिणाम होता.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. झडपा निकामी करणारा ऱ्हुमॅटिक ताप हा दाटीवाटीच्या घरांचा आणि वेळेवर न मिळालेल्या साध्या औषधाचा आजार आहे. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, पुढे झडपा कायमच्या बिघडतात. सधन देशांतून तो जवळजवळ हद्दपार झाला; गरीब देशांत तो टिकून आहे म्हणून जागतिक आरोग्य परिषदेला २०१८ साली त्याविरुद्ध ठराव करावा लागला. ज्या घरांत हा आजार होतो, त्याच घरांतील माणसे कोष्टकातील माणसापेक्षा अंगाने लहान असतात.

नऊ माणसांचे सूत्र

मग उपाय सोपा दिसतो: सर्वांचीच मापे पृष्ठफळाने भागावीत. परंतु येथेच दुसरी अडचण सुरू होते. वरील स्त्रीच्या १.३७ ला २५ ने गुणले तर तिची शस्त्रक्रियेची मर्यादा ३४ मिलिमीटर येते. म्हणजे निरोगी स्त्रियांच्या कोष्टकात जो व्यास अद्याप बसतो, तोच तिच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा इशारा ठरतो. पन्नास हा आकडा तिच्यावर अन्याय करतो हे जितके खरे, तितकेच चौतीस हा आकडा तिला अकारण भिववतो हेही खरे. आंधळ्या समानतेच्या जागी आंधळा भागाकार आणल्याने न्याय होत नाही.

असे का व्हावे? पृष्ठफळ हा छेद हृदयासाठी जन्मालाच आलेला नाही. शरीर किती उष्णता बाहेर टाकते याचा अभ्यास करताना न्यूयॉर्कमधील द्युबॉ व द्युबॉ यांनी १९१६ साली त्याचे सूत्र दिले. माणसाच्या अंगावर घट्ट आवरण चढवून, त्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून साचा घ्यायचा आणि तो उलगडून मोजायचा, अशी ती कष्टाची पद्धत होती. अशा रीतीने त्यांनी नऊ माणसे मोजली. या नऊ माणसांवरून बांधलेले सूत्र आज शतकानंतरही जगभरच्या यंत्रांत बसलेले आहे. संशोधकांना यात दोष देता येत नाही. त्यांनी त्यांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधले. दोष आहे तो एका कामासाठी घडवलेले हत्यार दुसऱ्या कामाला, धार न तपासता वापरत राहण्याचा.

हे इशारे कोणी दिले नव्हते असेही नाही. दोन राशींना एकाच तिसऱ्या राशीने भागले की त्यांच्यात मुळात नसलेला संबंध दिसू लागतो, हे कार्ल पिअर्सन यांनी १८९७ सालीच दाखवले होते. शरीरवाढीचे ब्रिटिश अभ्यासक जेम्स टॅनर यांनी १९४९ साली हाच मुद्दा थेट हृदय व रक्ताभिसरणाच्या मापांना लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वजनाने किंवा पृष्ठफळाने सरळ भागणे म्हणजे देह निम्मा झाला तर अवयवही बरोबर निम्मा होतो असे गृहीत धरणे. हे गृहीत खरे नसेल, आणि ते बहुधा खरे नसते, तर भागाकार काही निरोगी माणसांना रोगी आणि काही रोग्यांना निरोगी ठरवतो. मोठ्या देहाच्या आणि लहान देहाच्या माणसांवर हा अन्याय परस्परविरुद्ध दिशांनी होतो.

लांबी, क्षेत्र आणि घनफळ

यामागचे गणित शाळकरी भूमितीपलीकडचे नाही. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात ते मांडले, आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली योग्य आकाराविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ते सर्वसामान्यांपर्यंत नेले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले. एखादी वस्तू आपले रूप कायम राखून दुप्पट उंच झाली तर तिचे पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. लांबी, क्षेत्र आणि घनफळ यांची वाढीची चाल निरनिराळी असते.

आता इकोचा अहवाल पुन्हा पाहावा. कप्प्याचा व्यास ही लांबी आहे. ती पृष्ठफळाने भागली तर लहान देहाच्या माणसाचा आकडा फुगतो. कप्प्यातील रक्त हे घनफळ आहे. तेही पृष्ठफळानेच भागले तर लहान देहाच्या माणसाचा आकडा आटतो. एकाच अहवालात एकाच स्त्रीचे हृदय व्यासाच्या ओळीत अकारण मोठे आणि घनफळाच्या ओळीत अकारण लहान दिसू शकते! व्यासाच्या उदाहरणात केवळ भूमितीने मर्यादा काढली तर ती पन्नासही येत नाही आणि चौतीसही नाही. एकेचाळीसच्या आसपास येते. अर्थात ही भूमिती झाली, वैद्यकीय सल्ला नव्हे. तरी प्रश्न कोठे आहे हे तिने स्पष्ट होते.

संशोधकांनी पर्यायही सुचवले आहेत. दे सिमोने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली डाव्या निलयाचे वजन उंचीच्या २.७ व्या घाताने भागावे असे दाखवले. उंचीने भागण्याचा आणखी एक लाभ आहे: उंची खोटी सबब सांगत नाही. वजन सांगते. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६५ किलो असताना त्याचे पृष्ठफळ १.७५ असते, तोच ९५ किलोचा झाला की ते २.१२ होते. डाव्या अलिंदाच्या घनफळाची वरची मर्यादा २०१५ च्या कोष्टकात दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटर आहे. समजा या माणसाचे अलिंद ७० मिलिलिटर भरले. ६५ किलोच्या हिशेबाने ४० आले म्हणून ते रोगट. ९५ किलोच्या हिशेबाने ३३ आले म्हणून तेच निर्दोष. ज्या मेदाने हृदयावर ओझे टाकले, तोच मेद छेदात जाऊन हृदयाची बाजू मांडतो. बैठ्या जीवनाच्या अतिपोषित माणसाला मोजपट्टी अशी सवलत देते, आणि अंगावर मांस नसलेल्या माणसाला ती देत नाही.

निरोगी म्हणजे कोण?

येथवरचा प्रश्न गणिताचा होता. पुढचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो समाजाचा आहे. जगभरच्या निरोगी प्रौढांची हृदये एकाच पद्धतीने मोजण्याचा एक मोठा उपक्रम अलीकडे झाला. इकोकार्डिओग्राफीच्या संस्थांच्या जागतिक संघाने १५ देशांतील २,००८ माणसे तपासली. २०१९ पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले. डाव्या निलयाची घनफळे देशादेशांत लक्षणीय वेगळी निघाली. सर्वांत लहान भारतीयांची होती, आणि पृष्ठफळाने भागल्यानंतरही ती लहानच राहिली. पश्चिम लंडनमधील भारतीय वंशाच्या व गोऱ्या रहिवाशांच्या तुलनेतही याआधी हेच दिसले होते.

यावरून ‘भारतीयांचे हृदय वंशतःच लहान असते’ हा निष्कर्ष काढण्याचा मोह मोठा आहे. तो आवरला पाहिजे. एक तर, वर सांगितलेली भूमिती या फरकाचा काही भाग आपोआप निर्माण करते. दोन चौरस मीटरचा देह आणि १.६ चौरस मीटरचा देह यांचे रूप तंतोतंत सारखे असेल, तर लहान देहातील हृदयाचे घनफळ मोठ्याच्या सुमारे ७२ टक्के असेल. पृष्ठफळाने भागल्यावरही ते दहा टक्क्यांनी कमीच दिसेल. वंशाचा येथे काही संबंध नाही. हा चुकीच्या घाताचा परिणाम आहे.

दुसरे असे की, हृदयाचा आकार देहातील मेदाशी नव्हे, तर मुख्यतः मेदविरहित मांसाशी जुळतो. सारख्याच वजनाच्या भारतीय आणि युरोपीय माणसांत मांस व मेद यांची वाटणी सारखी नसते, आणि ही विषमता गर्भातच सुरू होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे ३.५ किलो. मात्र वजनातील ही तूट मेदात फारशी नव्हती. ती मांसात आणि अवयवांत होती. त्या अर्भकांच्या माता शेतात व घरात राबणाऱ्या, लहान चणीच्या स्त्रिया होत्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा पाहणीत ‘निरोगी प्रौढ’ कोणाला म्हणतात? ज्याला आज रक्तदाब नाही, मधुमेह नाही, हृदयविकार नाही, त्याला. परंतु बालपणी दोन वर्षे अर्धपोटी काढलेला, वाढ खुंटलेला प्रौढही आज या कसोटीला उतरतो आणि ‘निरोगी’ म्हणून मोजला जातो. रोग वगळले जातात. भूक वगळली जात नाही. त्याच्या हृदयाचे माप कोष्टकात जाते, कोष्टकातून मर्यादा बनते, आणि मर्यादेतून ‘भारतीय प्रकृती’ नावाची एक कल्पना उभी राहते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या महाराष्ट्रात ३५.२ टक्के. उद्याचे ‘निरोगी भारतीय प्रौढ’ ते हेच.

याहून वेगळी वाट असू शकते हे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दाखवून दिले. बालवाढीची प्रमाणे ठरवताना तिने मुले आज कशी वाढतात हे विचारले नाही. मुलांनी कसे वाढायला हवे हे विचारले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतून, पुरेसे अन्न, स्तनपान आणि स्वच्छ परिसर लाभलेली मुले निवडली. भारतातील मुले दिल्लीतील सुस्थित वस्तीतील होती. निष्कर्ष असा निघाला की, अनुकूल परिस्थितीत या सहाही देशांची मुले लहानपणी जवळजवळ सारखीच वाढतात. दक्षिण कोरियातील स्त्रियांची सरासरी उंची एका शतकात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. शंभर वर्षांत वंश बदलत नाही, ताट बदलते. ‘आहे’ आणि ‘असावे’ यांतील भेद अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. हृदयाची कोष्टके ‘आहे’ सांगतात, आणि ती वाचली जातात मात्र ‘असावे’ म्हणून.

जुना वाद, नवा संदर्भ

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. दांडेकर व रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याची रेषा दरडोई २,२५० उष्मांकांच्या आधारे आखली. थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी तिला हरकत घेतली. एकाच माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर स्वतःला जुळवून घेते; म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी मानू नये, असे त्यांचे प्रतिपादन होते. सुखात्मे यांनीच संपादित केलेल्या आणि पुण्याहून १९८२ साली निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ‘लहान, पण निरोगी’ असा सिद्धांत मांडला: देह लहान असेल पण प्रमाणबद्ध असेल, तर त्याला कुपोषित म्हणू नये. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९८३ साली त्याला कठोर उत्तर दिले. जो लहानपणा श्रीमंताच्या मुलाच्या बाबतीत कोणी चालवून घेणार नाही, तो गरिबाच्या मुलाच्या बाबतीत आरोग्य म्हणून स्वीकारणे म्हणजे गरिबांसाठी मोजपट्टीच आखूड करणे होय, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

सुखात्मे गरिबांचे वैरी नव्हते. त्यांच्या आकडेमोडीत तथ्यही होते. पण या वादाने एक गोष्ट कायमची शिकवली. देह लहान आहे म्हणून त्याची गरज लहान, हे विधान आजच्या जेवणापुरते कदाचित खरे असेल. तो देह लहान का राहिला, या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे. हृदयाच्या मापात आज तोच धोका निराळ्या रूपात दाराशी आला आहे.

यावर असा प्रतिप्रश्न होईल की, मग भारतीयांसाठी स्वतंत्र मर्यादा नकोतच काय? हृदयरोगतज्ज्ञांचा एक वर्ग त्या मागतो आहे, आणि त्यांची मागणी निराधार नाही. परक्या कोष्टकाने मोजले तर येथल्या माणसाचे फुगलेले हृदयही ‘नॉर्मल’ म्हणून घरी पाठवले जाते. समोर बसलेल्या रोग्याला त्याच्या आजच्या देहानुरूप उपचार मिळाले पाहिजेत. उद्याच्या आदर्श समाजाची वाट पाहायला त्याला वेळ नाही. म्हणून स्थानिक मर्यादा अवश्य हव्यात. मात्र त्यांवर ‘वंश’ हा शिक्का मारताना काय होते, याचा दाखला फुप्फुसांच्या तपासणीने दिलेला आहे. श्वासाची क्षमता मोजणाऱ्या यंत्रांत कृष्णवर्णीयांची अपेक्षित क्षमता १० ते १५ टक्क्यांनी आणि आशियाईंची ४ ते ६ टक्क्यांनी कमी धरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. परिणामी १९९९ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ॲसबेस्टॉसने फुप्फुसे बिघडलेल्या कामगारांच्या नुकसानभरपाईच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने असा युक्तिवाद झाला की, कृष्णवर्णीयांची फुप्फुसे मुळातच लहान असल्याने त्यांनी अधिक हानी सिद्ध केली पाहिजे. अमेरिकेतील श्वसनरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही वंशाधारित दुरुस्ती सोडून देण्याची शिफारस केली ती २०२३ साली. तज्ज्ञाच्या हातातील छेद मालकाच्या वकिलाच्या हाती जायला फार वेळ लागत नाही.

काय मागावे?

ही चर्चा तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसण्याजोगी नाही. काही मागण्या अगदी साध्या आहेत. प्रत्येक इको अहवालात रोग्याची उंची व वजन छापलेले असावे, आणि ते रोग्याला विचारून नव्हे तर प्रत्यक्ष मोजून. मूळ माप व भागलेले माप दोन्ही द्यावे, आणि कोणत्या सूत्राने भागले ते सांगावे. आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांनी वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी यांना इको यंत्राइतकेच महत्त्व द्यावे. त्यांची किंमत यंत्राच्या पासंगालाही पुरत नाही. झडपांच्या विकाराने पीडित, लहान चणीच्या स्त्रीला ‘अजून पन्नास झाले नाहीत’ म्हणून परत पाठवले जात असेल, तर तिच्या देहाच्या मानाने किती झाले, हा प्रश्न तिच्या वतीने विचारणारे कोणी तरी सोबत असावे.

दुसरी मागणी संशोधनसंस्थांकडे करावयाची आहे. भारतीय हृदयांची मापे घेताना केवळ वय, लिंग व प्रांत नोंदवून भागणार नाही. माणूस कोणते काम करतो, तो लहानपणी कशा घरात वाढला, त्याच्या आईवडिलांची उंची काय, देहात मांस किती व मेद किती, हेही नोंदवावे. शहरातील रुग्णालयांच्या आसपासचे निरोगी लोक म्हणजे भारत नव्हे. ऊसतोड कामगार, आदिवासी, विडी वळणाऱ्या स्त्रिया यांची हृदये त्या कोष्टकात आली पाहिजेत. आणि दर पिढीला कोष्टक पुन्हा तपासले पाहिजे, कारण अन्न सुधारले की देह बदलेल, आणि देह बदलला की मर्यादाही शिळ्या होतील. मर्यादा शिळी होणे हे त्या देशाच्या प्रगतीचे लक्षण मानावे.

तिसरी गोष्ट मागणीपेक्षा सावधगिरीची आहे. दवाखान्यातील कोष्टक दवाखान्यातच राहिले पाहिजे. वैद्याने रोग्याच्या हृदयाला त्याच्या देहाने भागणे हा न्याय आहे. शासनाने नागरिकाच्या हक्काला त्याच्या देहाने भागणे हा अन्याय आहे. अंगणवाडीतील आहार, शिधावाटप, मजुरीचे दर आणि कामाच्या जागी झालेल्या आजाराची भरपाई यांची मोजपट्टी ‘भारतीय माणूस लहानच असतो’ या वाक्यावर कधीही आधारता कामा नये. लहान देहाला लहान हृदय पुरते, हे शरीरशास्त्राला मान्य आहे. परंतु त्या बालकाला लहान देहच का मिळाला, याचा जाब कोणत्याही भागाकारात मावत नाही. तो ज्यांना द्यावयाचा आहे त्यांच्याकडूनच तो घेतला पाहिजे.